उडालेल्या फायलींचा माग

फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मशीन आत्ता चालू आहे का?" पलीकडून बहुधा उत्तर येतं, "चालू आहे ना! नेटवर बघतोय, डिलीट झालेली फाइल परत कशी आणायची ते." पुण्यात तपकीर गल्लीपासून जवळच छोटं दुकान असलेले कॉम्प्युटरवाले काका यावर एवढंच म्हणतात, "आधी बंद करा. मग बोलू."

गिऱ्हाइकाला हा आगाऊपणा वाटतो. पण कारण साधं आहे. डिलीट केल्यावर फाइल लगेच कुठं जात नाही. ती जिथं होती ती जागा रिकामी म्हणून जाहीर होते, इतकंच. आणि रिकाम्या जागेवर संगणक कधीही, काहीही लिहू शकतो. ब्राउझर उघडला की तो पाहिलेल्या पानांतली चित्रं डिस्कवर साठवू लागतो, विंडोज मागच्या मागे अपडेट उतरवत असते, अँटिव्हायरस आपल्या नोंदी ठेवत असतो. त्यावर कडी म्हणजे हौशी माणूस नेटवर सापडलेलं रिकव्हरी सॉफ्टवेअर उतरवतो आणि ज्या ड्राइव्हवरून फाइल उडाली तिथंच ते बसवतो. बारशाचे फोटो शोधायला आणलेला प्रोग्राम त्या फोटोंच्याच जागेवर जाऊन बसल्याची उदाहरणं काकांनी पाहिली आहेत. डिलीट होण्यानं जेवढं नुकसान होतं त्याहून जास्त नंतरच्या अर्ध्या तासातल्या धडपडीनं होतं, असं त्यांचं मत आहे, आणि ते हार्ड डिस्कपुरतं तरी खोडून काढणं अवघड आहे.

काका या धंद्यात आले ते डॉसच्या काळात. तेव्हा उडालेली फाइल परत आणणारा माणूस जादूगार ठरायचा, आणि जादूमागची युक्ती फारच सोपी होती. फॅट नावाची डॉसची व्यवस्था फाइल डिलीट करताना यादीतल्या नावाचं फक्त पहिलं अक्षर खोडून तिथं हेक्स पद्धतीतला ई५ हा आकडा लिहायची. नावाची पुढची अक्षरं, तारीख, फाइलीचा आकार, ती डिस्कवर सुरू कुठं होते, हे सगळं तसंच राहायचं. पीटर नॉर्टन या अमेरिकन प्रोग्रामरनं १९८२ साली आपल्या नॉर्टन युटिलिटीजमध्ये ‘अनइरेज’ दिलं ते याच जोरावर. १९९१ च्या डॉस ५.० मध्ये तर ‘अनडिलीट’ ही आज्ञाच आली. ती विचारायची, पहिलं अक्षर कोणतं? खरं म्हणजे कोणतंही दिलं तरी चालायचं. पण समोर बसलेला टायपिंग इन्स्टिट्यूटचा मालक किंवा सोसायटीचा सेक्रेटरी डोळे मिटून फार गंभीरपणे आठवायचा, आणि काकाही त्याला आठवू द्यायचे. फी घ्यायची तर थोडं नाट्य हवंच.

मर्यादा एकच, पण मोठी होती. फाइल डिस्कवर सलग नसून तुकड्यातुकड्यांनी ठेवलेली असेल, तर त्या तुकड्यांची साखळी डिलीट होतानाच पुसली जायची. ‘अनडिलीट’ला पहिला तुकडा सापडायचा, पुढचे सलगच असतील असं धरून ती चालायची. मग ठराव सुरू व्हायचा सोसायटीचा आणि तिसऱ्या परिच्छेदात भलत्याच कुणाच्या सिमेंटचं बिल निघायचं.

विंडोज ९५ बरोबर रिसायकल बिन आला आणि काकांचं निम्मं काम गेलं. (ॲपलच्या लिसा संगणकावर कचऱ्याची टोपली १९८३ मध्येच होती, पण लिसा इथं पाहिली कुणी?) उरलेलं निम्मं काम होतं ते रिसायकल बिनच्या कक्षेबाहेरचं. शिफ्ट दाबून डिलीट केलं, पेन ड्राइव्हवरून केलं, नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनवरून केलं किंवा फाइल बिनच्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठी असली, तर ती तिथं न थांबता थेट जाते. विंडोज तसं विचारते खरं, पण ‘येस’ हे बटण वाचून दाबणारा माणूस काकांना अजून भेटायचा आहे. एका निवृत्त प्राध्यापकांनी उलटंच केलं होतं. बिनमधून काहीही परत काढता येतं हे कळल्यावर ते जुने लेख मुद्दामच तिथं ठेवू लागले. सुटीत भाचा आला आणि जाताना मामांचं मशीन साफ करून देऊन गेला.

पेन ड्राइव्ह स्वस्त झाले तेव्हा वेगळीच साथ आली. सायबर कॅफेतून किंवा झेरॉक्सच्या दुकानातून पेन ड्राइव्ह परत आला की सगळे फोल्डर गायब आणि त्यांच्या नावाचे नुसते शॉर्टकट उरलेले. मुलं रडवेली होऊन यायची, उद्या प्रोजेक्ट द्यायचा आहे म्हणून. खरं तर एकही फाइल उडालेली नसायची. व्हायरसनं फोल्डरांना ‘लपलेलं’ आणि ‘सिस्टिमचं’ असे शिक्के मारलेले असायचे. ‘ॲट्रिब’ या आज्ञेची एक ओळ लिहिली की सगळं परत दिसू लागायचं. दोन मिनिटांच्या या कामाचे पैसे घेताना काकांना संकोच व्हायचा. पण घेतले नाहीत असंही नाही.

धंद्याचे सोन्याचे दिवस सुरू झाले ते २००१ साली विंडोज एक्सपी आल्यावर. घरोघरच्या मशीनवर एनटीएफएस ही व्यवस्था आली. तिच्यात प्रत्येक फाइलीची एक नोंद असते, साधारण एक किलोबाइटची. नाव, तारखा, डिस्कवर कुठंकुठं तुकडे ठेवले आहेत त्यांचे पत्ते, सगळं त्या नोंदीत. फाइल अगदी चिमुकली, काहीशे बाइटचीच असेल तर मजकूरसुद्धा त्या नोंदीतच मावतो. डिलीट केल्यावर नोंदीवर ‘वापरात नाही’ अशी खूण होते, पण तुकड्यांचे पत्ते बहुधा तसेच राहतात. डॉसमध्ये जी साखळी तुटायची ती इथं शाबूत. शिवाय त्या काळात घरच्या हार्ड डिस्का अर्ध्याअधिक रिकाम्या असायच्या, त्यामुळे उडालेल्या फाइलीवर लगेच दुसरं काही येऊन बसायचं नाही. लोक महिन्यानं उगवायचे, आणि तरीही मिळायचं.

कामाची रीत मात्र तेव्हापासून आजतागायत तीच आहे. गिऱ्हाइकाच्या मशीनवर काहीच करायचं नाही. डिस्क काढायची, आपल्या मशीनला दुय्यम म्हणून जोडायची, पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत तिची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवायची आणि मगच त्या प्रतीवर शोध सुरू करायचा. डिस्कमधून टक्-टक् असा आवाज आला तर तेवढंही करायचं नाही. तो आवाज हेडचा असतो, आणि प्रत्येक फेरीगणिक चकतीचा पृष्ठभाग खरवडला जाण्याची भीती असते. अशी डिस्क धूळविरहित खोली असलेल्या प्रयोगशाळेत पाठवायची. ती घरी उघडून फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला कुठंतरी वाचून आलेल्या एका इंजिनिअरला काकांनी हात जोडले होते.

सगळ्यात अवघड काम, जे ते अजून रंगवून सांगतात, ते एका दिवाळी अंकाचं. घटस्थापना तोंडावर आलेली. घरी बसून डीटीपीचं काम करणाऱ्या एका बाईंच्या मशीनवरून कथा-लेखांचा अख्खा फोल्डर शिफ्ट-डिलीट झालेला, आणि नंतर त्याच ड्राइव्हवर जाहिरातींची चित्रं येऊन पडलेली. नोंदी बऱ्याचशा नव्या फायलींनी व्यापून टाकल्या होत्या. नावं गेली, पत्ते गेले. अशा वेळी उरतो तो एकच मार्ग : डिस्कचा प्रत्येक सेक्टर चाळायचा आणि फाइलीच्या सुरुवातीची ठरावीक खूण शोधायची. जेपेग फोटो एफएफ-डी८-एफएफ या बाइटनी सुरू होतो. झिप फाइल ‘पी’ आणि ‘के’ या दोन रोमन अक्षरांनी, कारण ती पद्धत काढणाऱ्या फिल काट्झची ती आद्याक्षरं. जुन्या वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंटची सुरुवातीची खूण मात्र एकच. क्रिस्तोफ ग्रेनिए यांचा फोटोरेक हा मोफत प्रोग्राम हेच करतो. नाव ठाऊक नसल्यामुळे तो प्रत्येक फाइलीला सेक्टरच्या आकड्यावरून नाव देतो.

रात्रभर चाळल्यावर फायलींचा ढीग निघाला. आता यातल्या कथा कोणत्या, आणि पाच वर्षांपूर्वीच्या लग्नपत्रिका कोणत्या? लेखकाचं नाव शोधावं तर एकही फाइल सापडेना. कारण मजकूर युनिकोडमध्ये नव्हताच. श्रीलिपी, आकृती, आयएसएम या त्या काळच्या मराठी सॉफ्टवेअरांत देवनागरी दिसते ती फक्त फाँटमुळे. आत साठलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, आणि त्यांची जुळणी प्रत्येकाची वेगळी. फाँट काढला की गोनीदांचं वाक्य असो की किराणा मालाची यादी, दोन्ही सारखीच अगम्य.

इथं काकांची विद्या संपली आणि बाईंची सुरू झाली. त्यांनी नेहमीच्या फाँटात लेखकाचं आडनाव टाइप केलं, तेच नोटपॅडमध्ये नेऊन चिकटवलं. समोर आली ती चिन्हांची खिचडी, तीच शोधायला दिली. धडाधड फायली सापडू लागल्या. पुढं पुढं तर बाई फाँट न लावताच पडद्याकडे बघून सांगू लागल्या, हा संवाद आहे, ही कविता, ओळी तोकड्या आहेत बघा. वर्षानुवर्षं त्या खिचडीवर नजर गेलेली. एक दीर्घकथा मात्र निम्म्यावर तुटली होती, पुढं जाहिरातीतल्या साडीचा तुकडा. ती हस्तलिखितावरून पुन्हा टाइप करावी लागली.

युनिकोड आल्यावर हे सोपं व्हायला हवं होतं. काही काळ झालंही. युनिकोडमध्ये देवनागरीची अक्षरं ०९०० पासून सुरू होतात, त्यामुळे जुन्या वर्डच्या फाइलीतला मराठी मजकूर हेक्समध्ये पाहिला की एक बाइट सोडून एक ०९, ०९, ०९ अशी रांग दिसते. मराठी किंवा हिंदी असल्याची खूण लांबूनच पटायची. पण वर्ड २००७ पासून आलेली डॉकएक्स फाइल म्हणजे आतून झिपच. मजकूर दाबून भरलेला. तिचा अर्धा तुकडा हाती लागला तर त्यातून अर्धी कथा मिळेलच असं नाही. पुष्कळदा काहीच मिळत नाही. नवं तंत्र जागा वाचवतं आणि अवशेष राखत नाही, याची ही पहिली चुणूक होती.

दुसरा तडाखा याहून मोठा. फिरत्या चकतीच्या जागी एसएसडी आली. एसएसडीतल्या चिपवर जुन्यावर नवं थेट लिहिता येत नाही, आधी तो ब्लॉक पुसावा लागतो. म्हणून फाइल डिलीट झाली की संगणकच डिस्कला कळवतो की या या जागा आता नको आहेत. या निरोपाला ट्रिम म्हणतात. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, विंडोज हा निरोप आपणहून देते. डिस्क सवडीनं त्या जागा पुसून टाकते, आणि पुसायच्या आधीही त्या वाचायला गेलं तर बहुतेक डिस्का शून्यच हाती देतात. मशीन बंद करा, अशी विनवणी करण्यात आता फारसा अर्थ उरत नाही. निरोप जाऊन चुकलेला असतो.

गिऱ्हाइकाला हे पटवणं हे काकांचं सध्याचं सर्वांत कठीण काम. कारण रिकव्हरी सॉफ्टवेअर लावलं की पडद्यावर सगळी यादी येते. फायलींची नावं बरोबर, आकार बरोबर, तारखा बरोबर, शेजारी हिरवा ठिपका आणि ‘स्थिती उत्तम’ असा शेरा. गिऱ्हाईक खुर्चीतून उठतं. फाइल परत आणून उघडावी तर उघडत नाही. हेक्समध्ये बघावं तर पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यं. नोंद जिवंत, मजकूर गेलेला. सॉफ्टवेअरनं फक्त एवढंच तपासलेलं असतं की त्या जागेवर दुसऱ्या फाइलीनं हक्क सांगितलेला नाही. "मग उत्तम कशाला म्हणतं ते?" या प्रश्नाला काकांकडे सभ्य उत्तर नाही.

जुनी विद्या अजून उपयोगी पडते ती कॅमेऱ्याच्या कार्डावर. बत्तीस जीबीपर्यंतच्या एसडी कार्डांवर आजही फॅट३२ असतं, नाव खोडायला तोच डॉसचा ई५ वापरणारं, आणि कॅमेऱ्यातून फोटो डिलीट केला तर मजकूर बहुधा जागेवरच राहतो. त्यामुळे लग्नसराईत फोटोग्राफर मंडळींची ये-जा असते. अंतरपाटाच्या आधीचे फोटो उडाले आणि लक्षात न येता पुढचं शूटिंग त्याच कार्डावर झालं, हा नेहमीचा किस्सा. मग काही फोटो निम्मे येतात, वरचा भाग नीट आणि खाली करडा पट्टा. मूळ फोटो आधी घरच्या कॉम्प्युटरवर पाहिलेले असतील तर विंडोजच्या लघुचित्रांच्या साठ्यात त्यांच्या छोट्या प्रती निघतात. अल्बमला त्या निरुपयोगी, पण कोणता फोटो होता हे तरी कळतं. नावं गेली तरी फोटोच्या आत दडलेल्या तारीख-वेळेवरून विधींचा क्रम पुन्हा लावता येतो.

एरवी मात्र काकांचं काम आता डिस्कपेक्षा माणसाशी जास्त असतं. ती फाइल कुणाला पाठवली होती का? मेलच्या ‘सेंट’मध्ये पाहिलं? भावाच्या व्हॉट्सॲपवर? छापायला कुठं नेली होती? गुगल फोटोजच्या कचऱ्यात बॅकअप झालेले फोटो ६० दिवस राहतात, गुगल ड्राइव्हवर ३०, घरगुती वनड्राइव्हवरही ३०. त्यामुळे ‘कधी उडालं?’ हा प्रश्न उलटतपासणीसारखा पुन्हा पुन्हा येतो. सेव्हच न केलेलं पत्र असेल तर वर्डनं मधूनमधून काढून ठेवलेली एएसडी नावाची प्रत शोधायची. लोक म्हणतात, कुणालाच दिली नव्हती. मग पंधरा मिनिटांनी आठवतं की कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढली होती. झेरॉक्सवाल्याच्या डेस्कटॉपवर ती असतेच. शेजारी निम्म्या पेठेची आधार कार्डं असतात, ही वेगळी चिंता.

मार्चअखेर येणारा एक किस्सा दरवर्षी थोड्याफार फरकानं घडतो. टॅली आपला डेटा ज्या फोल्डरांत ठेवतं त्यांना नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. जागा करायला बसलेल्या चिरंजीवांना हे आकड्यांचे फोल्डर कचरा वाटतात. एका किराणा दुकानदाराचे वडील तेव्हा दुकानातच खुर्ची टाकून बसले होते, मुलगा फोनवर काकांशी बोलत होता. डिस्क एसएसडी, म्हणजे आशा नाही. "अहो, जीएसटीवाल्या सीएंना गेल्या महिन्यात बॅकअप दिला होता ना?" असं काकांनी विचारलं तेव्हा मुलगा नाही म्हणाला, वडील हो म्हणाले. वडिलांनीच पेन ड्राइव्ह नेऊन दिला होता. एका महिन्याच्या नोंदी बिलबुकावरून पुन्हा घालाव्या लागल्या.

यात कमीपणा वाटून घेण्याचं कारण नाही. पिक्सारसारख्या कंपनीत १९९८ साली ‘टॉय स्टोरी २’ च्या फायली एका चुकीच्या आज्ञेनं उडू लागल्या, पडद्यावरची पात्रं एकामागून एक नाहीशी झाली, आणि बॅकअप पाहिला तर तो नीट होतच नव्हता. गॅलिन सुसमन या तिथल्या तंत्रज्ञ बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या, म्हणून त्यांच्या घरी चित्रपटाची एक प्रत होती. तो संगणक पांघरुणांत गुंडाळून गाडीतून स्टुडिओत आणला गेला. कुणी सेक्टर चाळत बसलं नाही.

काकांकडे उलटी मागणीही येते : काहीही परत येता कामा नये असं पुसून द्या. घरची हार्ड डिस्क विकायची असते. ही काळजी रास्त आहे. सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलात या एमआयटीतल्या दोघांनी १५८ जुन्या हार्ड डिस्का विकत घेऊन तपासल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले. चालू स्थितीतल्या १२९ पैकी नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२, आणि क्रेडिट कार्डांचे क्रमांक मिळाले ५,००० हून जास्त. पस्तीस वेळा पुसावं लागतं हा समज मात्र पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या निबंधावरून पसरलेला, तेव्हाच्या निरनिराळ्या डिस्कांचा विचार करून लिहिलेल्या यादीचा सरसकट केलेला अर्थ. आजच्या चकतीवर सगळीकडे एकदा शून्यं लिहिली की पुरे. नुसतं क्विक फॉरमॅट करून ते होत नाही. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट मात्र खरोखर शून्यं लिहितो. एक टीबीच्या डिस्कला दोन-तीन तास लागतात. तेवढा वेळ काका डिस्क ताब्यात ठेवतात आणि गिऱ्हाइकाला रसीद देतात. काही जण समोरच्या बाकावर बसून शेवटचा टक्का भरेपर्यंत हलत नाहीत, आणि काकांची त्याला हरकत नसते.